बॉनेटखालचं इन्सुलेशन आणि रबर बीडिंग काढून टाकावं का?

वाटसरू_नागपूर
26 मे, रात्री 10:12

नमस्कार मंडळी. कालपासून नवतपा लागलाय, दुपारी गाडीच्या दाराला हात लाववत नाही. प्रश्न गाडीचाच आहे, जरा सविस्तर लिहितो.

गाडी 2014 ची डिझेल हॅचबॅक, 1 लाख 38 हजार किलोमीटर झालेली. वडिलांनी घेतलेली ही शेवटची गाडी. ते गेल्यापासून ती विकायचा विषय घरात कुणी काढत नाही, त्यामुळे ती नीट राहावी एवढीच इच्छा आहे. मागच्या आठवड्यात सीताबर्डीच्या गर्दीत वीसेक मिनिटं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकत होतो, तर टेम्परेचरचा काटा मधली रेघ सोडून वर चढला. बाजूला घेतली, बंद केली, अर्ध्या तासाने हळूहळू जवळचं गॅरेज गाठलं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, आतून लावलेल्या काळ्या गादीवर थाप मारली आणि म्हणाले, "इंजिनाच्या डोक्यावर ही गोधडी पांघरल्यावर गरमी जाईल कुठून?" पाच मिनिटांत त्या गादीची, म्हणजे लायनरची, सगळी लॉकं उपटली. मग काचेच्या बाजूला बॉनेटच्या मागच्या कडेखाली जी लांब रबरी बीडिंग असते, ती एका टोकाला धरून फर्रकन ओढून काढली. "आता मागच्या फटीतून गरम हवा निघून जाईल." पुढची, रेडिएटरच्या वरची रबराची पट्टीही त्याच झपाट्यात गेली. कूलंट कमी होतं, ते भरून दिलं.

तेव्हापासून काटा मध्येच आहे. पण इंजिनाचा आवाज आत जास्त येतोय आणि दुसरं एक खटकतंय. आईला आठवड्यातून दोनदा गुडघ्याच्या फिजिओथेरपीला नेतो. परवा सिग्नलला थांबलो असताना ती म्हणाली, कसलासा जळका वास येतोय. घरी पोहोचेपर्यंत तिचं डोकं जड झालं होतं. उन्हाचं असेल असं वाटलं, पण आज पुन्हा तेच झालं.

काढलेलं सगळं सामान डिकीत आहे. परत लावू, की मिस्त्री म्हणाले ते बरोबर आहे?


कंपन
26 मे, रात्री 11:05

मी चाकणला गाड्यांचा आवाज आणि कंपनं यांवरच काम करतो, म्हणून आधी त्या 'गोधडी'बद्दल लिहितो.

गोधडीची उपमा पटकन पटते, पण इंजिन अंगातून घाम काढून गार होणारा प्राणी नाही. डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांकडे जातो, तिसरा सायलेन्सरवाटे आणि उरलेला बराचसा पाण्यातून रेडिएटरकडे. बॉनेटच्या पत्र्यातून वर जाणारी उष्णता या हिशेबात किरकोळ आहे. पाण्याचं तापमान थर्मोस्टॅट (ठरावीक तापल्यावरच पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप), रेडिएटर आणि पंखा ठरवतात. लायनर असला काय, नसला काय, थर्मोस्टॅट त्याच्या ठरलेल्या 82 ते 88 अंशांच्या आसपासच उघडणार.

मग लायनर कशाला? एक, आवाज. डिझेलचा खटखटाट जास्त वारंवारतेच्या पट्टीत असतो आणि फेल्ट किंवा फोमची जाडी नेमकी ती पट्टी शोषते. दोन, बॉनेटच्या रंगाला खालून बसणारी धग. गाडी बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, वाराही नसतो, आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं बॉनेटखालची हवा चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापते. ती धग थेट पत्र्याला लागत नाही ती लायनरमुळे.

काटा खाली आला तो लायनर काढल्यामुळे, हे सिद्ध होत नाही. त्याच दिवशी कूलंटही भरलं ना? कमी कूलंटवर चालणारी गाडी गर्दीत तापणारच. शिवाय बहुतेक गाड्यांत काट्याला मुद्दाम स्थिर केलेलं असतं, तापमान बऱ्याच अंशांनी हललं तरी तो मध्येच राहतो. गाडीच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी डोंगल घ्या आणि तापमानाचा आकडा बघा.


पाना_नंबर_13
27 मे, सकाळी 7:20

दादा, बाकीचं नंतर. आधी सांगा, त्या दिवशी एसी कशावर होता? बाहेरची हवा आत घेणाऱ्या खटक्यावर, का आतलीच फिरवणाऱ्या?

कोल्हापुरात 22 वर्षं पाना हातात आहे, म्हणून कळकळीनं सांगतो. लायनर नसला तरी चालेल, मागची बीडिंग आज लावा. वायपरच्या खाली जी प्लास्टिकची जाळी असते, तिथनंच केबिनमधली हवा ओढली जाते. बॉनेटची मागची फट आणि ती जाळी यांत चार बोटांचं अंतर. त्या रबराचं काम इंजिनाची हवा तिकडं जाऊ न देणं. ते काढलं म्हणजे इंजिनाचं तोंड आईंच्या नाकाला जोडलं.

आणि वास येतोय म्हणजे आत काहीतरी गळतंय. तेल गरम मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर सायलेन्सरकडं नेणाऱ्या नळीवर) पडत असेल किंवा मॅनिफोल्डचं पॅकिंग गेलं असेल. बीडिंग होती तोवर कळलं नाही, आता कळतंय. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. डिझेलला तो पेट्रोलपेक्षा कमी निघतो, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. डोकं जड होणं ही त्याची पहिली खूण. आईंना गाडीत बसवायच्या आधी हे बघा.


वाटसरू_नागपूर
27 मे, सकाळी 8:02

बाहेरच्या हवेवरच होता. आईला आतली हवा कोंदट वाटते म्हणून मीच तो तसा ठेवतो.

तुमचं वाचलं आणि पोटात गोळा आला. आज तिला रिक्षाने पाठवतोय. बीडिंग डिकीतून काढली, पण ओढताना तिच्या आतली धातूची पट्टी दोन ठिकाणी मोडली आहे. रबर चिमटीत धरलं तर तुकडा हातात येतो, दहा वर्षांच्या उन्हाने पार बिस्किटासारखं झालंय. नवीनच घ्यावी लागेल.


लॅप_टाइम
27 मे, दुपारी 1:44

थोडी वेगळी बाजू मांडतो. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर काही वर्षं हौशी शर्यतींत गाडी चालवली आहे. तिथे आम्ही पहिल्या दिवशी काढतो ते हेच: लायनर, बीडिंगा, मागची सीट, गालिचा. लायनरचं वजन किलो-दीड किलो, पण ते गाडीच्या पुढच्या टोकाला आणि उंचावर असतं, म्हणून खुपतं. फोमचा जुना लायनर चुरा होऊन एअर फिल्टरच्या नळीत जाताना मी पाहिला आहे. एकदा तर लोंबकळलेला लायनर टर्बोला टेकला आणि तपकिरी होऊन धुमसायला लागला होता. त्यामुळे 'कंपनीने लावलंय म्हणजे राहू द्या' हे काही मला पटत नाही. खराब झालेला लायनर नसलेल्यापेक्षा वाईट.

आणि गर्दीत, उभ्या गाडीत मागची फट उघडी असेल तर गरम हवा वर चढून बाहेर पडते, हेही खरं आहे. मिस्त्री अगदीच चुकीचं बोलले नाहीत.


कंपन
27 मे, रात्री 9:30

लॅप_टाइम, उभ्या गाडीबद्दल तुमच्याशी सहमत. खराब लायनरबद्दल शंभर टक्के सहमत. पण गाडी पळायला लागली की चित्र उलटं होतं.

बॉनेटवरून घसरत आलेला वारा उभ्या काचेला अडतो, तिथे दाब वाढतो. काचेच्या पायथ्याशी वातावरणापेक्षा जास्त दाब असतो म्हणूनच कंपन्या केबिनच्या हवेचं तोंड तिथे ठेवतात, ब्लोअर (केबिनचा पंखा) बंद असला तरी वारा आपोआप आत येतो. अमेरिकेत शेवरलेने 1969 च्या कॅमारोला आणि 1970 च्या शेव्हेलला याच जागेचा उपयोग करून बॉनेटची मागची बाजू उघडी दिली होती, इंजिनात हवा आत घेण्यासाठी. बाहेर सोडण्यासाठी नव्हे! आपल्याकडे बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट मागून उचलतात आणि 'हीट निघते' म्हणतात. 80 च्या वेगाला त्या फटीतून वारा आत शिरायला बघतो. इंजिनाच्या खोलीतला दाब त्याने वाढला, तर रेडिएटरमधून पलीकडे जाणारी हवा उलट कमी होते.

तुमच्या शर्यतीच्या गाड्यांना झरोके कुठे असतात? बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या भागात, रेडिएटरच्या लगेच मागे. तिथे वारा कडेवरून वळताना दाब कमी होतो, म्हणून तिथून हवा खरोखर बाहेर खेचली जाते. मागच्या कडेला नाही.

आणि वाटसरूंच्या मिस्त्रींनी जी तिसरी वस्तू काढली, तिच्याबद्दल अजून कुणीच बोललं नाही. पुढची पट्टी! समोरच्या जाळीतून आलेली हवा सोपी वाट शोधते. रेडिएटरच्या दाट पाकळ्यांतून जाण्यापेक्षा वरच्या मोकळ्या फटीतून निसटणं तिला सोपं. ती फट पट्टी बंद करते. पट्टी नसेल तर गाडी उभी असताना पंख्याने मागे फेकलेली तापलेली हवा त्याच फटीतून वळून पुन्हा कंडेन्सरसमोर (रेडिएटरच्या पुढे असलेल्या एसीच्या जाळीसमोर) येते. एसी मरगळतो, पाणी तापतं. ज्या कारणासाठी गाडी गॅरेजला नेली, तेच वाढवणारी गोष्ट करून दिली आहे.


लॅप_टाइम
27 मे, रात्री 10:15

पुढच्या पट्टीचं मान्य. आमच्या गाड्यांत आम्ही ती फट अॅल्युमिनियमच्या पत्र्याने बंद करतो, म्हणजे रबर काढून त्याच जागी पत्रा लावतो. हे मी आधीच लिहायला हवं होतं. आणि आमच्या गाड्यांत ब्लोअर नसतो, म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुणी जात नाही, आग विझवायचं नळकांडं हाताशी असतं. घरच्या गाडीला ते मोजमाप लावू नये.


समुद्रकाठ
28 मे, सकाळी 6:50

रत्नागिरीहून लिहितेय. इथे प्रश्न उन्हाचा नाही, पावसाचा. माझ्या पेट्रोल गाडीची मागची बीडिंग मागच्या वर्षी मार्चमध्ये एका ठिकाणी लोंबत होती. धुताना आडवी येते म्हणून वॉशिंगवाल्या मुलाने काढून बाजूला ठेवली आणि मी लक्ष दिलं नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हातखंब्याच्या चढावर गाडी धक्के देऊ लागली, इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला. काचेवरून ओघळलेलं पाणी वायपरखालच्या पन्हाळीत जायच्या ऐवजी सरळ इंजिनावर पडत होतं आणि प्लगच्या विहिरींत साचलं होतं. प्लगना ठिणगी देणाऱ्या चारपैकी दोन कॉइल गेल्या.

वाटसरू दादा, नवी बीडिंग लावाल तेव्हा जाळी उचलून खालची पन्हाळही साफ करा. आमच्याकडे सुरूचे काटे आणि आंब्याचा मोहोर साठतो, तुमच्याकडे कडुनिंबाचा पाला असेल. पन्हाळीची भोकं बुजली की पाणी ब्लोअरच्या मोटरीत उतरतं आणि पायाखालचा गालिचा ओला होतो. आई बऱ्या आहेत ना आता?


वाटसरू_नागपूर
28 मे, रात्री 9:48

आई ठीक आहे ताई, रिक्षाने गेली-आली, डोकं अजिबात दुखलं नाही. विचारल्याबद्दल मनापासून आभार.

आज सुट्टी काढून स्वतःच बघायला बसलो. संध्याकाळी अंगणात गाडी चालू ठेवली, सगळ्या काचा आणि दारं उघडी. देवघरातली उदबत्ती घेतली आणि बॉनेटच्या मागच्या कडेशी धरली. आधी ब्लोअर बंद होता, धूर उभा सरळ वर जात होता. मग पुढचा पंखा सुरू झाला आणि फटीतून गरम हवेचा झोत आला, धूर काचेकडे ढकलला गेला. आता ब्लोअर तिसऱ्यावर केला. धुराची रेघ एकदम वाकली आणि वायपरखालच्या जाळीत शिरली, सुईत दोरा जावा तशी. आत बसलो तर एसीच्या झरोक्यांतून चंदनाचा वास! फट ते जाळी अंतर मोजलं, साडेसात सेंटीमीटर.

म्हणजे लॅप_टाइम म्हणतात ते खरं, उभ्या गाडीतून गरम हवा मागच्या फटीतून बाहेर पडते. पण ती पडते नेमकी आपल्या श्वासाच्या तोंडाशी. ज्या एका वेळी ती फट उपयोगी, त्याच वेळी ती सगळ्यात धोक्याची. हे डोळ्यांनी दिसल्यावर मला दुसऱ्या पुराव्याची गरज राहिली नाही.

कंपन यांचं वाऱ्याचं म्हणणंही त्याआधी, आज सकाळीच बघितलं होतं. आईच्या विणकामातली लाल लोकर घेतली, बोटभर लांबीचे तुकडे मागच्या कडेला टेपने चिकटवले, मोबाइल डॅशबोर्डवर लावला आणि समृद्धीवर वर्ध्याच्या दिशेने गेलो. उभ्या गाडीत तुकडे बाहेर काचेकडे थरथरत होते. 80 ला कडेचे दोन आत फटीत वळले, मधले जागीच गोल गोल फिरत राहिले. एकही तुकडा काचेकडे सरळ ताणलेला नव्हता. बाहेर पडणारा झोत असता तर तसा दिसला असता.


नेकारकाठ
29 मे, पहाटे 2:30

स्टुटगार्टहून. ही लोकर आणि उदबत्ती वाचून फार आनंद झाला.

इथली परिस्थिती सांगतो. जर्मनीत मार्टन नावाचा मुंगसासारखा प्राणी रात्री तापलेल्या इंजिनावर येऊन बसतो, वायरी आणि रबरी नळ्या चावतो आणि लायनरचे लचके तोडतो. गाड्यांच्या विम्यात त्याच्या नुकसानीचं कलम वेगळं लिहिलेलं असतं. माझ्या गाडीचा लायनर त्यानेच फाडला. वर्कशॉपमध्ये मी विचारलं, काढून टाकू का? त्यांनी नाही सांगितलं. थंडीत इंजिन लवकर तापायला आणि पार्क केल्यावर ऊब टिकायला त्याची मदत होते. उणे दहाला ही गोष्ट कळते. नागपुरात हे कारण लागू नाही, पण गावी आमच्याकडे उंदरांनी लायनरमध्ये घर केल्याची तक्रार नेहमी ऐकतो. तिथे लोक काढून टाकतात ते उष्णतेमुळे नाही, उंदरांमुळे.


पाना_नंबर_13
29 मे, सकाळी 7:05

उंदराचं खरं आहे. पावसाळा लागला की आठवड्याला दोन गाड्या येतात. लायनरच्या वर, पत्र्याच्या पोकळीत कापूस, सुतळी, चपातीचे तुकडे, सगळा संसार. पण लायनर काढून उंदीर जात नाही, तो मग बॅटरीच्या ट्रेखाली बसतो. रात्री बॉनेट उघडं ठेवा, त्याला आडोसा आणि ऊब दोन्ही मिळत नाही. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या लोक ठेवतात, चार दिवस चालतात. डांबराच्या गोळ्या जाळीजवळ मात्र ठेवू नका, तो वास सगळा केबिनमध्ये.

आता वाटसरू दादा, मूळ दुखणं राहिलंच. गाडी फक्त गर्दीत तापली, पळताना नाही. म्हणजे वारा असला की ठीक, नसला की नाही. संशय पंख्यावर. पंख्याला दोन वेग असतात. सावकाश वेग एका रेझिस्टरमधून चालतो, तो जळला की सावकाश वेग गप्प होतो आणि पंखा एकदम वरच्या तापमानाला, जोरात सुरू होतो. तोवर काटा चढलेला असतो. एसी लावल्याबरोबर पंखा फिरतो का बघा.

दुसरं, कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली जागा. समोरून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, चिखल-पाचट मागं अडकलेलं असतं. आमच्याकडं उसाच्या हंगामात तिथनं मी मूठमूठ पाचट काढतो. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा, साध्या नळाच्या जोरानं. वॉशिंगच्या प्रेशरनं पाकळ्या झोपतात, मग रेडिएटर गेलाच समजा.

तिसरं, रेडिएटरचं झाकण. ते दिसतं साधं, पण कुकरच्या शिट्टीचं काम करतं. साधारण एक बारचा दाब धरला की नुसतं पाणीसुद्धा 120 अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं की दाब सुटतो आणि पाणी 100 लाच उकळायला लागतं. आणि हात जोडून सांगतो, गाडी गरम असताना ते उघडू नका. भाजलेले हात बघितलेत मी.


माळरान
29 मे, सकाळी 11:20

एक सुचवू का? बीडिंग येईपर्यंत एसी 'आतली हवा' खटक्यावर ठेवला तर? माझ्या गाडीची बीडिंग दोन वर्षांपासून नाही, मी तसंच चालवतो.


कंपन
29 मे, दुपारी 12:02

माळरान, एक-दोन दिवसांसाठी ठीक, दोन वर्षांसाठी नाही. आतलीच हवा फिरवत राहिलं की चार माणसांच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, लांबच्या प्रवासात चालकाला पेंग येते. शिवाय त्या खटक्याची झडप आतून पूर्ण हवाबंद नसते, जुन्या गाडीत तर नाहीच. तुम्ही घरच्यांना घेऊन फिरत असाल. कृपया ती बीडिंग लावून घ्या, एका टाकीच्या डिझेलपेक्षा कमी पैसे लागतील.


वाटसरू_नागपूर
2 जून, रात्री 10:31

काय काय सापडलं ते क्रमाने लिहितो, पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. इथले मिस्त्री वयस्कर आहेत, त्यांनी बॉनेट उघडून आधी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. मग बॅटरीचा उजेड मॅनिफोल्डच्या मागे टाकला आणि मला वाकायला सांगितलं. हेडला मॅनिफोल्ड जिथे जोडतो तिथे एका बोल्टभोवती काळी काजळी पसरली होती, मोराच्या पिसाऱ्यासारखी, बोल्टपासून बाहेर. पॅकिंग तिथून फुंकत होतं. धूर तिथून निघून वर, फटीतून जाळीत, जाळीतून आईपर्यंत. त्यांनी काजळीवर बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. दोघंही काही बोललो नाही.

पॅकिंग बदललं, चारही नट नवीन टाकले.

पंख्याचं पाना_नंबर_13 यांचं निदान तंतोतंत निघालं. एसी लावला तरी पंखा हलला नाही. रेझिस्टरची तार तुटलेली. आणि कंडेन्सरमागून निघालेला गाळ बघून मी फोटो काढला: कडुनिंबाचा पाला, माती, पतंगांचे पंख, सगळ्याचा चपटा थर, जुन्या चटईसारखा. रेडिएटरचा खालचा तिसरा भाग त्याखाली झाकला होता. झाकणही बदललं.

मागची बीडिंग आणि पुढची पट्टी नवीन लावली. लायनर जुनाच लावणार होतो, पण उलटा करून पाहिला तर मधोमध हाताच्या तळव्याएवढा तेलाचा डाग होता.


लॅप_टाइम
2 जून, रात्री 10:58

तो लायनर लावू नका. तेल प्यायलेलं फेल्ट म्हणजे दिव्याची वात. नवीन घ्या, आणि तेल कुठून उडतंय तेही बघा, बहुधा तेल भरायच्या झाकणाची रिंग असेल. गाडीत आग विझवायचं एबीसी पावडरचं छोटं नळकांडं ठेवा. कधी बॉनेटमधून धूर दिसला तर बॉनेट पूर्ण उघडू नका, हवा मिळाली की भडका उडतो. गाडी बंद करा, सगळ्यांना आधी लांब न्या. धूरच असेल तर लॉक सोडून जेवढी फट पडते तेवढ्यातून नळकांडं मारा. ज्वाळा दिसत असतील तर जवळही जाऊ नका, अग्निशमन दलाला फोन करा.


वाटसरू_नागपूर
9 जून, सकाळी 9:15

तेलाच्या झाकणाचीच रिंग होती. बदलली. नवीन लायनर परवा बसवला, जुना डिकीतून काढताना हाताला काचेच्या तंतूंची खाज सुटली ती दोन दिवस होती, म्हणून हे काम करणाऱ्यांनी हातमोजे आणि तोंडाला रुमाल जरूर बांधावा.

काल मुद्दाम सीताबर्डीला गेलो, दुपारी साडेतीनला, डोंगल लावून, एसी चालू ठेवून. पंचवीस मिनिटं सरकत राहिलो. आकडा 96 पर्यंत गेला की पंख्याचा सावकाश वेग सुरू व्हायचा, 91 पर्यंत उतरायचा, पुन्हा तेच. लायनर बसवण्याआधी याच रस्त्यावर, याच वेळेला घेतलेले आकडेही असेच होते. लायनरने पाण्याच्या तापमानात मला काहीही फरक दिसला नाही. फरक पडला तो बॉनेटला. आधी गाडी लावल्यावर पत्र्याला तळहात टेकवता येत नव्हता, आता सावलीत टेकवता येतो.

उदबत्तीही पुन्हा धरली. ब्लोअर तिसऱ्यावर, इंजिन चालू, पंखा चालू. धूर जाळीतच गेला, तो जाणारच, पण आता फटीतून गरम हवेचा झोत काही आला नाही. आईला मागे न बसवता पुढे माझ्या शेजारी बसवून फिजिओथेरपीला नेऊन आणलं. बाहेरच्या हवेवर, काचा बंद. तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अरे, काही होत नाहीये, तू समोर बघून चालव."


समुद्रकाठ
9 जून, सकाळी 9:40

किती बरं वाटलं वाचून. आईंना नमस्कार सांगा.


माळरान
10 जून, रात्री 8:25

मीही आज बीडिंग आणायला गेलो होतो. कंपनीची आठ दिवसांनी येईल म्हणाले. दुकानदार मीटरवर मिळणारी, स्पंजाच्या नळीची दाखवत होता. ती चालेल का?


पाना_नंबर_13
10 जून, रात्री 9:10

चालेल, पण तीन गोष्टी बघून घ्या. आतून धातूची पकड असलेलीच घ्या, नुसता चिकटपट्टीचा स्पंज उन्हात सुटतो. नळीची जाडी जुन्याएवढीच पाहिजे. जास्त जाड घेतली तर बॉनेट नीट बंद होत नाही, लॉक अर्धवट लागतं आणि पळताना बॉनेट उडतं. आणि कोपऱ्यांत ओढून ताणून बसवू नका, ताणलेलं रबर पहिल्या थंडीत आकसतं आणि टोकाला बोटभर फट पडते. बसवल्यावर बॉनेटच्या कडेला खडू घासा, एकदा बंद करून उघडा. बीडिंगवर खडूची रेघ सगळीकडं सलग उठली पाहिजे. जिथं तुटेल तिथं हवा जाते.


माळरान
12 जून, सायंकाळी 6:55

बसवली. उजव्या कोपऱ्यात खडूची रेघ चार बोटं तुटली होती. काढून सैल करून पुन्हा बसवली, आता सलग आहे.